यमुनाबाईंच्या फोटोची काच

जिच्या घराला खिडकीच नव्हती, तिला मी सहा आठवडे खिडक्या उघड्या ठेवायला सांगत होतो. साताऱ्याच्या दवाखान्यातल्या आमच्या नर्स यमुनाबाई गेल्याचं गेल्या महिन्यात मला सांगलीला कळलं, तेव्हा आधी हीच फजिती आठवली...

मी तेव्हा नवाकोरा डॉक्टर. हौसा तान्हं लेकरू काखोटीला मारून यायची, खोकायची, माझं व्याख्यान ऐकून जायची. सातव्या आठवड्यात तिच्या थुंकीत रक्त दिसलं. यमुनाबाईंनी माझी छत्री माझ्या हातात दिली. “चला डॉक्टर, खिडकी बघून येऊ.”

ओढ्याकाठी पाठीला पाठ लावलेल्या खोल्या. आत चूल, धूर आणि भरदिवसा अंधार. शेजारच्या दोन बायका याच खोकल्यानं गेलेल्या. तिथून दहा मिनिटांवर वरच्या पेठेत आमचं घर, नऊ खिडक्यांचं. आमच्याकडे खोकला पाहुण्यासारखा येऊन जाई. इथे तो बिऱ्हाड करून राही.

“दावा, कंची उघडू?” हौसानं विचारलं.

शरमेच्या भरात मी छपरावर चढलो. एक कौल काढावं, धूर जाईल, उजेड येईल, एवढाच बेत. कौल राहिलं बाजूला, माझा पाय मांडीपर्यंत घरात शिरला. खालून यमुनाबाई शांतपणे म्हणाल्या, “हलू नका. भोक मोजून घेते.”

युद्धाचे दिवस, बाजारात काच मिळेना. बाई घरी गेल्या आणि भिंतीवरच्या दिवंगत यजमानांच्या फोटोची काच काढून घेऊन आल्या. “त्यांनी जन्मभर काही उजेड पाडला नाही, आता पाडू देत.” धुरासाठी कडेला फट ठेवून ती छपरात बसवली. नंतर मला त्या रांगेतल्या अकरा छपरांवर एकेक कौल सरकवायला चढवलं, दर वेळी आधी बजावत, “पाय सांभाळा, आता घरात फोटो उरले नाहीत.”

हौसाला उठायला वर्ष लागलं, पण उठली.

परवा बाईंच्या खोलीवर गेलो. यजमान अजून बिनकाचेचेच, धुळीनं मिशा पांढऱ्या झालेल्या. हौसा पदरानं फोटो पुसत होती. मी म्हटलं, “बाईंनी आणि मी मिळून तुला वाचवलं...”

“आवं डॉक्टर, तुमचं औषध लय कडू, मी गटारात वतत हुते,” हौसा म्हणाली. “तुमचा पाय तेवढा कामाला आला.”