दुसऱ्या खाचेतलं कुंकू

लेकीने कॉम्प्युटर मागवला तो पुण्याला जायला लागू नये म्हणून. तिला तिथल्या एका कंपनीत घरांचे नकाशे काढायचं काम लागलं होतं. स्वतःचा कॉम्प्युटर असेल तर घरी बसून करा, नाहीतर एक तारखेला पुण्याला हजर व्हा, असं त्यांनी सांगितलं होतं. घरात आम्ही दोघीच. ती गेली की मी एकटी, हे दोघींनाही माहीत होतं.

पार्सल आलं. कॉम्प्युटर चालूही झाला, पण नकाशा उघडला की अडकायचा. त्याची मेमरी कमी पडत होती. मेमरी म्हणजे आत बसवायची वीतभराहून आखूड हिरवी पट्टी. तशा पट्ट्यांसाठी दोन खाचा होत्या, एक भरलेली आणि एक रिकामी. तिने आणखी एक पट्टी मागवली, ती आली तर खाचेत बसेचना.

"आई, हे बघ की. हिची चीर हितं हाय आणि खाचेतला दांडा तिथं. भलत्याच जातीची पाठवलीया."

"जरा दाबून बघ की."

"दाबून? ही काय तुझी भाकरी हाय व्हय, थापली की पसरायला!"

मी पोळीभाजी केंद्रात भाकऱ्या करते. दोघी खूप हसलो. त्या महिन्यातलं हसणं तेवढंच.

लेक ती पट्टी परत पाठवायला कुरियरच्या दुकानात गेली. कॉम्प्युटरची एक बाजू उघडीच होती. मला वाटलं, शेगडी आणली, शिलाई मशीन आणलं, प्रत्येकाला हळदकुंकू लावून घरात घेतलं. हा तेवढा नुसताच आत आला, म्हणून अडतोय.

नवरा गेल्यापासून मी कुंकवाच्या करंड्याला हात लावत नव्हते. कोणी मनाई केली नव्हती. लेक तर 'लाव' म्हणूनच मागे लागायची. माझंच मन धजत नव्हतं. त्या दिवशी बघायला कोणी नव्हतं. दाराला कडी घातली आणि करंडा काढला. हळद नीट लागली. कुंकू लावायची सवय मोडलेली, चिमटीतलं बरंचसं आत पडलं. रिकाम्या खाचेत लाल रेघ दिसली. मी फुंकर मारली, पदराचं टोक घालून पुसलं. लाल दिसेनासं झालं. मला वाटलं, निघालं.

दुसरी पट्टी आली, ती टक्कन बसली. लेकीने बटण दाबलं तर पडदा काळा आणि आतून तीनदा टीं टीं. काढली की चालू, घातली की काळा. कॉम्प्युटर विकणाऱ्या कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं, जुन्या आणि नव्या पट्टीचं जमत नसेल, एकसारखी जोडी घ्या. जोडी यायला आठ दिवस गेले. तरी तेच.

"पहिल्या खाचेत कुठलीबी घाल, चालतीया," ती घामाघूम होऊन म्हणाली. "दुसऱ्या खाचेतच धरत न्हाय. ती खाचच खराब हाय, आई. आता सगळा कॉम्प्युटर परत पाठवायला पाहिजे. ते म्हणत्यात, तीन आठवडे लागतील."

मी परातीतलं पीठ मळत होते. ते केव्हाच मळून झालं होतं, तरी मळत राहिले. आता सांगावं, असं दोनदा मनात आलं. पण कुंकवाचं सांगितलं की करंडा का काढला ते सांगायला लागणार, आणि ते माझ्या तोंडातून निघेना. शिवाय वाटायचं, एवढे शिकलेले लोक फोनवर बोलतायत, त्यात चौथी झालेल्या बाईने काय बोलायचं?

तीन आठवडे हातात नव्हते. एक तारखेच्या आदल्या दिवशी तिने कॉम्प्युटर तसाच ठेवून बॅग भरली. "मन लावून घेऊ नकोस," म्हणाली. स्टँडवर मी तिच्या पिशवीत भाकरी आणि झुणका ठेवला. ती खिडकीतून हात हलवत होती. मी हात वर केला तोवर गाडी वळली होती.

पंधरा दिवसांनी मी गल्लीतल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्याने बॅटरी धरून आत पाहिलं.

"वहिनी, हितं कुंकू सांडलंय की! पूजा कुणी घातली?"

"काय की," मी म्हणाले.

त्याने औषध लावून ब्रशने खाच साफ केली आणि लेक ठेवून गेलेली पट्टी बसवली. पडदा उजळला.

"झालं बघा. दहा मिनिटांचं काम. आता बोलवा लेकीला परत," तो हसत म्हणाला.

संध्याकाळी तिचा फोन आला. कॉम्प्युटर चालू झाला, म्हणून सांगितलं.

"व्हय? काय हुतं गं?"

"घाण अडकली होती."

कुंकवाला मी घाण म्हटलं.

"आता हितल्या जागेवर बसवलंय मला. घरून करायचं आता न्हाय म्हणत्यात," ती म्हणाली. मग विचारलं, "जेवलीस का?"

खंडेनवमीला, हत्यारं-यंत्रं पुजायच्या सणाला, ती दोन दिवसांसाठी आली. कॉम्प्युटर पुसला, झेंडूची माळ घातली आणि ताट माझ्यापुढे धरलं. "आई, कुंकू तूच लाव."

"तूच लाव," मी म्हणाले.

तिने बोट बुडवून बाहेरून एक टिकली लावली. बोटावर उरलेलं कुंकू घेऊन हात माझ्या कपाळाकडे आणला. मी मागे सरले. तिला वाटलं असेल, नेहमीचंच. तिने ते बोट रुमालाला पुसलं आणि गाडीची वेळ झाली म्हणून बॅग भरायला आत गेली.