हेन्डरसनला शिकलेली वेणी

ऑकलंडच्या विमानतळावर माझी हजामतीची धोकटी तपासायला उघडली, तेव्हा रागच आला. फलटणला पन्नास वर्षं न्हाव्याचं दुकान चालवलं. धोकटीला परक्याचा हात कधी लागला नव्हता. तिथल्या साहेबीणबाईंनी दाढीचा ब्रश हातात घेऊन विचारलं, हे केस कुठल्या जनावराचे? मी चौथी शिकलेला, मला कुठलं इंग्रजी! रांगेत मागं उभ्या बाईंनी हिंदीत समजावलं. म्हटलं, "प्लास्टिकचे आहेत." साहेबीणबाई हसल्या, ब्रश परत दिला.

ऑकलंडलगत हेन्डरसनला माझ्या लेकीचं, मनीषाचं घर. तिचं उजवं मनगट मोडलेलं, म्हणून मला मदतीला बोलावलेलं. दारात फिजोआचं झाड (पेरूसारखं हिरवं फळ, वास अननसाचा). तिथले लोक आतला गर चमच्यानं खातात. मी सालीसकट खाल्लं. तोंड कडू झालं, तरी अख्खं संपवलं.

पहिल्याच रविवारी घरात वाद. शाळेत उवा निघालेल्या. चिठ्ठी आलेली की सोमवारपासून लांब केस बांधूनच पाठवा. नात इरा आठ वर्षांची, केस कमरेपर्यंत. जावई पहाटे कामाला जातो, मनीषाचा हात प्लास्टरात.

"बाबा, कापूनच टाका. तुमच्या हातचं काम."

"आजोबा, नो! प्लीज!" इरा माझ्यामागं लपली. पोरीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत; हातवारे करून बोलते, म्हणून तिचं तेवढं मला उमगतं.

"कात्री नाही लावणार. वेणी मी घालतो," म्हटलं.

बोललो खरा! आमच्या दुकानात बाईमाणूस कधी आलं नाही. तीनदा घातली, तीनदा सुटली. पोर तिन्ही वेळा रडली.

"संध्याकाळपर्यंत बघा," मनीषा म्हणाली. "नाहीतर कात्री."

रबरंच वाईट, असं म्हणून मी इराला घेऊन निघालो. डेअरीच्या (कोपऱ्यावरचं वाणसामानाचं दुकान) पुढं एका चिनी बाईंचं दुकान. एका भिंतीला चाप, पिना, बो, मखमली रबरं. दुसरीकडं चेहऱ्यावर फिरवायचे हिरवे दगड. बाई माझ्याच वयाच्या, अंबाड्यात लाकडी काडी खोवलेली. रबर घेऊन मी तिथंच वेणीला बसलो. इरा किंचाळली. बाई भराभर इंग्रजीत काहीतरी बोलल्या. इरानं मला हळू सांगितलं.

"शी सेज, यू पुल टू हार्ड."

"सांग त्यांना, पन्नास वर्षं न्हावी आहे मी."

इरानं सांगितलं. बाई हसून एवढंसं बोलल्या. इरानं मान खाली घातली.

"सांग की!"

"देन व्हाय इज शी क्रायिंग?"

मी ताडकन उठलो. इरानं बाही धरली. "आजोबा, प्लीज. नॉट द सिझर्स."

बसलो.

बाईंनी मलाच स्टुलावर घेतलं, गालाला तेल लावलं आणि चपटा दगड फिरवला. याला गुआ शा म्हणतात (दगडानं चेहरा निपटायची चिनी रीत). नाकापासून कानाकडं, हनुवटीपासून वर. दगड आडवा, हात नुसता टेकलेला. आमची मालिश म्हणजे गिऱ्हाइकाची मान वाजली पाहिजे. इथं जोर काहीच नाही, तरी माझा आवळलेला जबडा सुटला. मग दगड माझ्या हातात देऊन त्यांनी स्वतःचा हात पुढं केला. मी दाबला. त्यांनी मनगटावर चापट मारली. पुन्हा दाबला, पुन्हा चापट. चौथ्या वेळी मान डोलावली, आणि मला फणी दिली.

खालच्या टोकापासून गुंता काढला. तीन पेड घेतले, तेवढ्याच हलक्या हातानं.

"आर यू स्टार्टिंग, आजोबा?"

वेणी झालेली होती.

सोमवारी इरा वेणी घालून शाळेत गेली. प्लास्टर निघेपर्यंत रोज मीच घातली. निघायच्या आधी बाईंना बेसनाचे लाडू दिले, हात जोडले. त्यांनी एक लाडू तिथंच खाल्ला.

परवा फलटणला जुनं गिऱ्हाईक मालिशीला बसलं. डोळे मिटून म्हणालं, "अण्णा, हात बदललाय तुमचा. कुणाकडं शिकलात?"

एरवी म्हणालो असतो, मला कोण शिकवणार!

"एका चिनी बाईंकडं," म्हटलं. "फार चांगल्या बाई."