सोळा आण्यांचा सिनेमा

गिरदावर अण्णा सिनेमाचं नाव कधी घेत नसत, चतुःसीमा सांगत. "पूर्वेला जमीनदाराची हवेली, पश्चिमेला देवीचं देऊळ, दक्षिणेला विहीर, उत्तरेला पोरीचा बाप. मधी अडीच तास." एवढ्यावर ऐकणाऱ्यानं सिनेमा ओळखायचा. शेतांचे पंचनामे करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि नावावरचा त्यांचा विश्वास उडाला होता. "नाव बदलतंय, मास्तर. बांध हलत न्हाई," ते म्हणत. बांधही हलतो, हे तालुक्यात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, पण ते कचेरीतलं ज्ञान झालं.

गिरदावर म्हणजे हैदराबाद संस्थानातला, पटवाऱ्याच्या वरचा आणि तहसीलदाराच्या खालचा महसुली माणूस. गावोगाव फिरून पिकं पाहायची आणि आणेवारी लावायची, हे त्याचं काम. भरघोस पीक सोळा आणे, निम्मं पीक आठ आणे, आणि चारच्या खाली गेलं की माणसं गाव सोडायची. अण्णांचं ठाणं कल्याणीला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला. पोलीस ॲक्शननंतर वर्षा-दोन वर्षांनी मी तिथं मास्तर म्हणून गेलो. शाळा उर्दूतून मराठी-कानडीत येत होती आणि मला तिच्या मदतीला धाडलेलं होतं. मुलं तिन्ही भाषांत उशिरा येत. राहायला खोली मिळाली ती अण्णांच्या घराला लागून, मधली भिंत पातळ असलेली.

दर पाडव्याला, गुढी उभारून झाली की अण्णांच्या ओसरीवर गावातले दहा-बारा जण जमत. कडुनिंब आणि गूळ तोंडात टाकून झाला की अण्णा चष्मा लावत आणि सरलेल्या वर्षातल्या उत्तम पाच सिनेमांची आणेवारी वाचून दाखवत. सोलापूरला, गुलबर्ग्याला, जत्रेतल्या तंबूत, जिथं जे पाहिलं त्यातून निवडलेले पाच. प्रत्येकाची चतुःसीमा, कथा आणि शेवटी आणे. पहिल्या नंबरालाही तेराच्या वर कधी मिळाले नाहीत. "सोळा आणे पीक मी तीस वर्षांत बघितलं न्हाई," ते म्हणत, "तर सिनेमा कुठनं बघू?"

पहिल्या वर्षी मी बराच वाचलेला माणूस असल्याच्या थाटात बोललो. म्हणालो, गाण्यांमुळं कथा बिघडते. अण्णा म्हणाले, "ज्वारीच्या ओळींत तुरीचं तास असतंय. तूर हाय म्हणून ज्वारीला नाव ठेवता का?" मग विचारलं, "तुम्ही हा सिनेमा बघितलाव का?" मी म्हणालो, मासिकात परीक्षण वाचलंय. त्यावर त्यांनी माझ्याकडं कोवळ्या पटवाऱ्याकडं पाहावं तसं पाहिलं. "बांधावरनं आणेवारी लागत न्हाई, मास्तर. आत शिरावं लागतंय." त्यानंतर न बघता बोलणं मी सोडलं.

गावातले एक वकील दर वर्षी हरकत घेत की देवादिकांचा सिनेमा यादीत कसा नाही. अण्णा हात जोडून सांगत, "देवाची जमीन इनाम असती, वकीलसाब. तिला आणेवारी माफ हाय." एका पाडव्याला नवे तहसीलदार अध्यक्ष म्हणून आले. ओसरीवर खुर्ची मांडली, खुर्चीवर सतरंजी घातली, आणि साहेबांनी 'सिनेमा व राष्ट्राची उभारणी' या विषयाचा कडुनिंब आम्हाला तासभर चघळायला लावला. अण्णा गंभीरपणे माझ्या कानाशी वाकले. "तिबार पेरणी झाली, मास्तर. उगवलं काय न्हाई."

अण्णांच्या पत्नीला सगळं गाव अक्का म्हणे. अक्का सिनेमाला जात नसत. अण्णा परगावाहून सिनेमा पाहून आले की दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपाशी बसून तो त्यांना सांगत. पातळ भिंतीमुळं मलाही तो फुकटात मिळे. भाकरी थापायचा आवाज थांबे आणि अक्का विचारत, "शेवट गोड हाय का न्हाई, ते आधी सांगा."

"गोड हाय."

"मग सांगा."

आणि भाकरी पुन्हा सुरू होई. अण्णा आवाज बदलून बोलत, तोंडानं आगगाडी काढत, घोडा काढत. त्यांच्या प्रत्येक सिनेमाचा शेवट गोड असे. माणूस सिनेमे निवडून पाहतो, एवढाच अर्थ मी त्यातून काढला.

मग एका पाडव्याला अण्णांनी पाचवा, चौथा, तिसरा, दुसरा वाचला, थोडं थांबले आणि म्हणाले, "पहिला. पूर्वेला मातीचं घर, पश्चिमेला रेल्वेचं स्टेशन, दक्षिणेला नदी, उत्तरेला शहर." एका आईचं लेकरू शहरात जातं आणि त्याचा पत्ता लागत नाही. आई रोज स्टेशनावर जाते. शेवटी एक गाडी येते, धूर ओसरतो, आणि डब्यातून लेकरू उतरतं. "सोळा आणे," अण्णा म्हणाले आणि चष्मा काढला. स्वयंपाकघराच्या दारात अक्का गुळाचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्या तशाच आत गेल्या.

मे महिन्याच्या सुटीत मी सोलापूरला गेलो आणि तो सिनेमा मुद्दाम पाहिला. गाडी आली, धूर ओसरला. डब्यातून कुणीही उतरलं नाही. गाडी निघून गेली, आई फलाटावर उभी राहिली, आणि दिवे लागले.

परत आलो तर दोघं ओसरीवर बसलेले. अक्कांनीच विचारलं, "मास्तर, सोळा आण्याचा बघितलाव का?"

"बघितला," मी म्हणालो. "पण शेवट—"

"चला मास्तर," अण्णा चपला घालत म्हणाले, "पाणंदीनं फिरून येऊ."

गाव मागं पडलं. मग मीच म्हणालो, "अण्णा, शेवट तसा नाही."

"न्हाई," ते म्हणाले. "कुठल्याच सिनेमाचा मी सांगितला तसा न्हाई."

मग त्यांनी दत्तूचं सांगितलं. दत्तू हा अक्कांचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली म्हणून अक्कांनीच वाढवलेला. या दोघांना मूल नव्हतं, तेव्हा घरातलं लेकरू तोच. सिनेमाचं वेड मूळ त्याचं. मेहुणे-मेहुणे सोलापूरला जात आणि परतीच्या मोटारीत वर्षातला उत्तम कुठला यावर भांडत. पाच निवडायचे ही कल्पना दत्तूची, आणे लावायची अण्णांची. रझाकारांच्या गडबडीच्या वर्षी दत्तू निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पात गेला. दोन पत्रं आली. तिसरं आलं नाही. अण्णा दोनदा शोधून आले. दहा माणसांनी दहा गोष्टी सांगितल्या.

"त्याच्या मागनं पहिला सिनेमा बघून आलो," अण्णा म्हणाले, "त्यात भाऊ मरतोय. हिनं विचारलं, शेवट गोड हाय का? तोंडातनं व्हय निघून गेलं. मग सगळेच तसे सांगावे लागले." थोड्या वेळानं म्हणाले, "कागदावर आजवर एक आणा खोटा लिहिला न्हाई, मास्तर. पण हे तिला कळलं, तर मागं सांगितलेलं सगळंच गेलं. दत्तू येईल म्हणून सांगत आलोय, तेबी."

चुका दुरुस्त करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. तरी मी गप्प बसायचं कबूल केलं आणि ते पाळलं. मला ते वाटतं तितकं सोपं गेलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात गावात फिरता तंबू आला. मालकाला गायरानातली जागा हवी होती आणि तिच्या अर्जावर अहवाल द्यायचा होता गिरदावरानं. मालकानं मोठ्या अभिमानानं सांगितलं की पहिल्याच दिवशी गावाचा आवडता सोळा आण्यांचा सिनेमा लावतो. अण्णांची कीर्ती हुमनाबादपर्यंत गेली होती. जनावरांच्या चराईला अडचण होते, एवढी एक ओळ लिहिली असती तर तंबू पुढच्या गावाला गेला असता. मी तसं आडून सुचवलंही.

अण्णांनी टाक दौतीत बुडवला. "जागा मोकळी हाय, मास्तर. मोकळी हाय तर मोकळी लिहावं लागतंय." आणि त्यांनी 'हरकत नाही' लिहून खाली सही केली.

पहिल्या खेळाच्या संध्याकाळी गल्लीतल्या बायका अक्कांना न्यायला आल्या. "अण्णांचा सोळा आण्याचा आलाय. आता तरी चला की." अक्कांनी अण्णांकडं पाहिलं.

"डोकं दुखायलंय म्हणत होतीस," अण्णा म्हणाले.

"आता न्हाई दुखत," अक्का म्हणाल्या आणि बसायला पोतं घेऊन निघाल्या.

तंबूत मधोमध कनात होती, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. यंत्र एकच. रीळ बदलताना दिवे लागत, लोक बिड्या पेटवत. पडद्यावर इतके ओरखडे होते की कोरड्या ठणठणीत गावातही पाऊस पडताना दिसे. अण्णा माझ्या शेजारी मांडी घालून बसले होते. त्यांनी सबंध सिनेमाभर कनातीकडं पाहिलं. गाडी आली. धूर ओसरला. कनातीपलीकडं बायका रडू लागल्या. अण्णांनी माझं मनगट धरलं आणि दिवे लागेपर्यंत सोडलं नाही.

परतताना अक्का बायकांबरोबर पुढं चालत होत्या. अण्णा माझ्याबरोबर मागं. घराशी आल्यावर अक्का आत गेल्या आणि अण्णा माझ्या पायरीवर बसले. मी आत बोलावलं. "राहू द्या. इथंच बरंय," ते म्हणाले.

सकाळी मी दाढी करत होतो. पलीकडं भाकरी थापायचा आवाज येत होता, नेहमीसारखा. अण्णाही चुलीपाशी असावेत, कारण त्यांचा खोकला ऐकू आला. शेजारची बाई दारात येऊन म्हणाली, "अक्का, पोरगं उतरतंय म्हणून अण्णांनी सांगितलंतं की. ते तर आलंच न्हाई. कामून ओ?"

मी वस्तरा गालावरून बाजूला घेतला.

"शेवटचं रीळ तुटकं हाय त्यांचं," अक्का म्हणाल्या. "गावोगाव फिरून झिजतंय. तंबूवाल्यांचं असंच असतंय. ह्यांनी सोलापुरात अख्खा बघितलाय."

"व्हय का?" बाई म्हणाली. तिचं समाधान झालेलं दिसलं. ती गेली. मग अक्का म्हणाल्या, "भाकर गार व्हायलीय. जेवा."

या गोष्टीवर त्या घरात पुन्हा बोलणं झालं नाही. निदान भिंतीतून येईल असं नाही. अक्कांना किती माहीत होतं आणि कधीपासून, ते मी कधी विचारलं नाही. फरक एवढाच पडला की शेवट गोड आहे का, हे त्यांनी आधी विचारणं सोडलं. आणि अण्णांनीही पुढच्या दोन वर्षांत घरात सांगताना सिनेमातली एक-दोन माणसं मरू दिली.

छप्पन्न साली हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. कल्याणीसकट बीदर म्हैसूर राज्यात गेलं, माझी बदली उस्मानाबादकडं झाली, आणि कल्याणीचं बसवकल्याण झालं. उमरग्याच्या मोटारीपाशी अण्णा मला पोहोचवायला आले. माझी पेटी त्यांनी टपावर चढवून घेतली. मग म्हणाले, "नाव बदललं, मास्तर. आन बांधबी हलला बघा." माझ्या हातात त्यांनी घडी घातलेला कागद दिला. त्या वर्षीचे पाच होते. पाडव्याला अजून चार-पाच महिने अवकाश होता.

अण्णा गेल्याचं मला उशिरा कळलं. मी भेटायला गेलो तेव्हा अक्का एकट्या होत्या. चहा झाला, गावाचं बोलणं झालं. मग त्यांनी विचारलं, "यंदा काय बघितलं, मास्तर?"

मी चतुःसीमा सांगितली. पूर्वेला गिरणी, पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला तुरुंग, उत्तरेला बहिणीचं घर. मग कथा सांगितली. अण्णांसारखी आगगाडी मला काढता येत नाही, पण काढली. मी पाहिलेल्या सिनेमात भाऊ तुरुंगातच मरतो. त्या जागी आलो आणि थांबलो.

"पुढं?" अक्का म्हणाल्या.

"सुटून येतो," मी म्हणालो. "बहिणीच्या दारात येऊन उभा राहतो."

"किती आणे?"

"सोळा."

अक्कांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. मग कपबशी उचलत म्हणाल्या, "बरं झालं बघा. तुमाला अख्खं रीळ बघायला मिळालं."