पश्चिम टोकाची खिडकी

सकाळची पहिली वेळ माझ्या यादीची. निपाणीच्या एका धर्मादाय दवाखान्यात मी देखभाल विभाग सांभाळते. राहिलेल्या तक्रारी वर, नव्या खाली, प्रत्येकीसमोर माणसाचं नाव, एवढं लिहून झाल्याशिवाय मी चहाला हात लावत नाही. त्या दिवशी ‘प्रसूती विभाग, पंखा’ असं लिहीत होते आणि सदलग्याहून फोन आला. सुकुमार आण्णांच्या बायकोचा, पद्मावैनींचा, भाऊ बोलत होता. “सुकुमार आण्णा गेले, मॅडम. पहाटं. झोपेतच.” मी “बरं” म्हटलं, फोन ठेवला आणि पंख्यासमोर नाव लिहिलं... सुकुमार आण्णा. पंखा काही त्यांचं काम नव्हतं. पण कुठलीही वस्तू बिघडली की तिची तार कुठून येते, तिला आधी कोणी हात लावला होता, हे पहिल्यांदा त्यांना विचारायचं, ही सवय हाताला लागून गेली होती. ते नाव मी खोडलं नाही. दुसऱ्या कागदावर नवी यादी केली आणि सदलग्याची गाडी पकडली.

आण्णा स्थापत्य अभियंता. बंगळूरच्या कंपनीत ते इमारतींची संगणकावरची मॉडेलं करायचे. वडील थकले म्हणून गावी, सदलग्याला, परतले आणि आमच्या दवाखान्यानं त्यांना बोलावून घेतलं. आमची इमारत गरज पडेल तशी वाढत गेलेली. जुन्या भागाला नवा भाग, नव्या भागाला पत्र्याची शेड. कुठल्या भिंतीत कुठला पाइप आहे हे कुणालाच धड माहीत नव्हतं, आणि एका गळक्या नळासाठी अख्ख्या मजल्याचं पाणी बंद करावं लागायचं. आण्णांनी त्या सगळ्याचं मॉडेल करायला घेतलं. ज्यांनी असं काही पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: पडद्यावर पूर्ण इमारत उभी राहते, भिंतीआडच्या पाइपांसकट आणि तारांसकट. नळावर बोट ठेवलं की त्याचं पाणी कुठल्या टाकीतून येतं, ते बंद करायचा व्हॉल्व्ह कुठं आहे, शेवटची दुरुस्ती कधी झाली, सगळं समोर येतं. मला तर वाटलं, माझ्या याद्यांना कुणीतरी घर बांधून दिलं.

चारचौघांत ते मला मॅडम म्हणायचे, एरवी आक्का. वयानं मोठे असून आक्का का, असं एकदा विचारलं तर म्हणाले, “दम देती ती आक्का. वयाचा काय संबंध न्हाय.”

मॉडेलमध्ये त्यांनी प्रत्येक खोलीचा क्रमांक घातला होता, शिस्तीत. एका दुपारी वरच्या मजल्यावरून फोन आला, “साबळे सिस्टरांच्या खोलीत पाणी आलंय, लवकर या.” मॉडेलमध्ये साबळे कुठंच नाहीत. नवा प्लंबर जिना चढला, उतरला, परत चढला. तोवर पाणी औषधांच्या कपाटापर्यंत पोचलं होतं. साबळे सिस्टर निवृत्त होऊन लेकीकडं राहायला गेल्या त्याला कितीतरी वर्षं झाली. खोली मात्र अजून त्यांचीच होती. आण्णा मांडीपर्यंत पँट दुमडून त्या पाण्यात उभे राहिले आणि आयाला विचारू लागले, “आजून कुठल्या खोलीला काय म्हणतासा, सांगा बघू.” त्या दिवसापासून मॉडेलमध्ये क्रमांकाखाली एक नवी ओळ आली: ‘काय म्हणतात’. पंपाच्या खोलीला मराठी माणसं पाण्याची खोली म्हणायची आणि कन्नड बोलणाऱ्या आया नीरिन कोणे. दोन्ही नावं आत गेली. एका जिन्याला कोल्हापूरकडचा जिना म्हणतात, दुसऱ्याला चिकोडीकडचा, तेही गेलं.

मग विश्वस्तांनाही हुरूप आला. कुणी म्हणालं, या ओळीत देणगीदारांची नावं टाका. कुणी आपल्या वडिलांचं नाव सुचवलं. आण्णा हात जोडून हसत ऐकून घ्यायचे आणि टाकायचे काहीच नाहीत. त्यांचा नियम एकच होता. वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून, कुणी न सांगता, आपणहून जे नाव येईल तेच आत जाईल. मी एकदा सोय म्हणून एका खोलीला ‘सामान खोली’ लिहून टाकलं, तर दुसऱ्या दिवशी ते पुसलेलं. “आक्का, तुम्हाला कोण म्हटलं सामान खोली?” “मीच म्हणते की.” “मग तुमच्या यादीत लिवा. हितं न्हाय.”

आण्णा जैन, दिवस बुडायच्या आत जेवणारे. काम लांबलं की डबा घेऊन दुसऱ्या मजल्याच्या पश्चिम टोकाच्या खिडकीत बसायचे, कारण तिथून सूर्य शेवटपर्यंत दिसतो. येणारीजाणारी माणसं तिथंच त्यांना गाठायची. एखादी नर्स म्हणायची, “आण्णा, गिळा लवकर, चाललाय बघा तो!” आणि हे तोंड भरलेलं असल्यानं नुसता हात हलवायचे. एकदा तिथूनच मला हाक आली. “आक्का, या या, चमत्कार बघा! आपल्या दवाखान्यात सूर्य पूर्वेला बुडाय लागलाय.” मांडीवर डबा आणि बाजूला लॅपटॉप. मॉडेलच्या हिशेबानं ती खिडकी पूर्वेची होती, आणि मावळतीचं ऊन तर त्यांच्या भाकरीवर पडलेलं. मी म्हटलं, “आधी जेवा.” ते म्हणाले, “जेवतोयच की. पण मॉडेल म्हणतंय आत्ता सकाळ हाय. त्याचं ऐकलं असतं तर निवांत गप्पा मारत बसलो असतो आणि उपाशी झोपलो असतो!” हसता हसता त्यांना ठसका लागला.

शोध घेतला तेव्हा कळलं की दवाखान्याच्या जागेला रस्ता फक्त दक्षिणेला. दक्षिणेचा दरवाजा नको म्हणून त्या काळी कुणा वास्तुवाल्यानं नकाशावरचा उत्तरेचा बाणच उलटा करून दिला होता, आणि दरवाजा कागदावर उत्तरेचा झाला होता. आण्णांनी तोच नकाशा धरून दिशा घातल्या होत्या. छतावर पाणी तापवायचे सोलर संच बसायचे होते त्याच आठवड्यात. ते दक्षिणेकडं तोंड करून लावतात, आमचे उत्तरेकडं बघत बसले असते. आण्णांनी मॉडेल फिरवून सरळ केलं. मुख्य दरवाजाला मात्र ‘दक्षिण’ लिहून खाली ‘काय म्हणतात: उत्तर दरवाजा’ राहू दिलं. “लोक म्हणतात न्हवं? मग राहू दे.”

आण्णा गेले त्या दिवशी सदलग्याला पद्मावैनींशी बोलणं झालं नाही. पंधरवड्यानं परत गेले. वैनी शांत होत्या. पाणी दिलं आणि म्हणाल्या, “मॅडम, ती खिडकी कसली ओ? उशिरा घरात आले की सांगायचे, खिडकीत जेवलो. तीस वर्सं माझ्या सैपाकाचं कवतिक न्हाय, खिडकीचं मात्र लई.” मी फोनवर मॉडेल उघडलं. उत्तर दरवाज्यातून आत गेलो, कोल्हापूरकडच्या जिन्यानं वर, साबळे सिस्टरांच्या खोलीवरून पुढं, थेट टोकापर्यंत. वैनींनी फोन हातात घेतला आणि खूप वेळ त्या खिडकीत थांबल्या... खाली लिहिलेलं होतं: दुसरा मजला, पश्चिम टोक, खिडकी. ‘काय म्हणतात’ची ओळ रिकामी होती.

“सगळ्यांची नावं हाईत. त्यांचंच न्हाय व्हय?”

नावं घालायचा अधिकार आता माझ्याकडं आला होता. वैनींच्या समोर, तिथल्या तिथं लिहिता आलं असतं. मी बोट ठेवलंही. मग त्यांना नियम सांगितला. त्या ऐकत राहिल्या आणि पहिल्यांदाच किंचित हसल्या. “मग नगा लिवू. घरात मला लई नियम सांगितले, आता त्यांना बी लागू होऊ द्या की.” निघताना दारापर्यंत आल्या. “नाव पडलं तर मात्र सांगा. बघाय येईन. तवर नगं, माझ्यानं बघवायचं न्हाय.”

त्यानंतर मी कान देऊन हिंडू लागले, याद्या करणाऱ्या बाईला न शोभेल इतकी. कुणाला विचारायचं नाही, सुचवायचं नाही, स्वतः तर म्हणायचंच नाही. पश्चिम टोकाला जायची वेळ आली की ‘त्या तिकडं’ असं बोट दाखवायचं. रुग्णांचे नातेवाईक खिडकीत बसत, कोणी केळी खायचं, कोणी फोनवर भांडायचं. दोनदा आयांच्या बोलण्यात ‘आण्णांच्या खिडकीत’ असं आल्यासारखं वाटलं. पण त्या आण्णांच्या हाताखाली वाढलेल्या, त्यांच्या आठवणीनं गहिवरणाऱ्या. मला भीती होती ती पुढची. ही माणसं गेली, नवी आली, की हे नाव कोण घेणार?

गेल्या आठवड्यात यादी करत असताना वरून फोन आला. आवाज नवा होता. कणकुंबीकडची मुलगी, नर्स म्हणून या महिन्यातच लागलेली. आण्णांना तिनं पाहिलेलंसुद्धा नाही.

“मॅडम, आण्णांच्या खिडकीची कडी बसंना झालीया. वाऱ्यानं आपटतीया नुसती.”

माझा हात थांबला. “कुणाच्या खिडकीची?”

“आण्णांच्या. टोकाच्या.”

“कोण आण्णा गं?”

“मला काय म्हाईत, मॅडम... सगळी तसंच म्हणत्यात.”

मी कडी बसवायला माणूस पाठवला. मग मॉडेल उघडलं, टोकापर्यंत गेले आणि त्या रिकाम्या ओळीत लिहिलं. चष्मा पुसून पुन्हा वाचून पाहिलं, काना-मात्रा नीट आहे ना ते. मग सदलग्याला फोन लावला. खिडकीला नाव पडलं, असं वैनींना सांगितलं. त्यांचा तोच घरातला, कामाचा आवाज आला.

“कडी नीट बसली का आता?”

“बसली.”

“मग उद्याच येते. डबा घिऊन येते, तुमचा बी.” आणि फोन ठेवता ठेवता, “पर तुमच्या यादीत लिवून ठेवा, मॅडम. दिवस बुडायच्या आत बसाय पायजे.”