बहिणीच्या ओठांवर दुसरीचा आवाज

माझी धाकटी बहीण सिनेमात गेली तेव्हा सोलापुरातल्या आमच्या ओळखीच्या सगळ्यांना आनंद झाला. मला संशय आला. गाणारी बाई सिनेमात जाते ती गायला, अशी माझी समजूत. ही गेली आणि गायचीच थांबली.

आमच्या अप्पांचं विभूती, कापूर, उदबत्तीचं छोटं दुकान होतं. घरात कन्नड, उंबऱ्याबाहेर मराठी. दर सोमवारी मठात कन्नड वचनं आणि भजनं व्हायची, तिथं मी पेटीवर आणि ती गायला. तिचा आवाज पहिल्यापासून जाड. बायका साधारण काळी चार, काळी पाचमध्ये गातात, ही काळी दोनमध्ये, जवळजवळ पुरुषांच्या पट्टीत गायची. शाळेत बाईंनी तिला समूहगीताच्या मागच्या रांगेत उभं केलं होतं आणि ओठ हलव, आवाज काढू नकोस असं सांगितलं होतं. मठातल्या म्हाताऱ्या बायकांना मात्र तोच आवाज हवा असायचा. ती गायला लागली की त्या डोळे मिटून बसायच्या, आणि गाणं संपलं तरी कितीतरी वेळ उघडायच्या नाहीत.

पुढं ती ऑर्केस्ट्रात गेली. कुणीतरी तिचं एक भजन मोबाइलवर टाकलं आणि बघता बघता ते सगळीकडं वाजायला लागलं. रिक्षात, लग्नाच्या हॉलमध्ये, चादरीच्या कारखान्यातसुद्धा मागांच्या खडखडाटावर ते लावलेलं मी ऐकलंय. मग मोठे कार्यक्रम आले, पुण्यात घर आलं, माझ्या पेटीच्या जागी तीन-तीन कीबोर्ड आले. त्याचं मला वाईट वाटलं नाही. माझी शाळेतली नोकरी होती, संसार होता. आणि सकाळचा रियाज आमचा चालूच होता. ती फोन स्टुलावर ठेवून गायची आणि मी सोलापुरात भाजी निवडत ऐकायची. कुठं स्वर कमी पडला तर मी "हं" म्हणायची. तेवढं तिला पुरायचं.

पहिला सिनेमा मिळाला त्याच्या आसपास हा फोन बंद झाला. आधी म्हणाली, शूटिंग पहाटे असतं. मग म्हणाली, शेजाऱ्यांची तक्रार आहे. एवढ्या मोठ्या गायिकेच्या रियाजाची तक्रार करणारे शेजारी कोण, असं मी विचारलं, तर तिनं विषय बदलला. हळूहळू तिचा फोन तिचा मॅनेजरच उचलायला लागला. शिडशिडीत, इस्त्रीच्या शर्टातला, कायम हळू आवाजात बोलणारा माणूस. "ताई, मॅडम शूटमध्ये आहेत," एवढंच तो म्हणायचा. तो काही खोटं बोलतोय असं वाटायचं नाही, पण सगळं खरं सांगतोय असंही वाटायचं नाही.

सिनेमा आला. त्यात ती एका खाष्ट आत्याच्या भूमिकेत होती. भूमिका छान केली होती, पण गाणं एकही नव्हतं. दुसऱ्या सिनेमातही नव्हतं. लोक म्हणाले, बघा कशी अष्टपैलू आहे. मी घरात म्हणाले, गायिकेला घेऊन तिला गायला न लावणारा दिग्दर्शक एक तर वेडा असणार, नाहीतर आतून काहीतरी शिजत असणार. नवरा म्हणाला, तुझ्या डोक्यात शिजतंय.

त्या वर्षी संक्रांतीला, गड्ड्याच्या जत्रेला ती घरी आली, मॅनेजरही सोबत होता. मठातली माणसं घरी येऊन म्हणाली, एक वचन म्हणा, पूर्वीसारखं. ती हात जोडून म्हणाली, धुळीनं गळा बसलाय. माणसं हळहळत गेली. नंतर जेवताना मी बघितलं, गळा बसलेली बाई फ्रीजमधलं ताक पीत होती. अव्वाशी, आमच्या आईशी, बोलताना तिचा आवाज जरा चढला, तसं मॅनेजरनं ताटावरून मान वर केली आणि नुसतं तिच्याकडं बघितलं. ती लगेच हळू बोलायला लागली. लहानपणी अप्पांच्यापुढंही न दबलेली ही पोर या माणसाच्या एका नजरेनं गप्प होते म्हणजे काय?

त्या दिवसापासून मी त्या माणसाला मनातून गुन्हेगार ठरवून टाकलं. त्यानं तिला कसल्या तरी करारात अडकवलंय, बाहेर गायचं नाही अशी अट घातलीय, नाहीतर दोघांत वेगळंच काहीतरी आहे. मी अव्वाजवळ हे बोलले. अव्वा विड्याचं पान पुसत होती. म्हणाली, तिला गायचं नसेल. मला ते उत्तर इतकं बावळट वाटलं की मी उठून आत गेले.

तिचा तिसरा सिनेमा विडी कामगार बाईवर होता आणि त्याचं शूटिंग कुंभारीला, कामगारांच्या घरकुलांत होतं. सोलापुरापासून हाकेच्या अंतरावर ती महिनाभर असणार, आणि तरी घरी राहायला येणार नव्हती. हॉटेलात सोय आहे म्हणाली. रविवारी मी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधली आणि कुणाला न सांगता रिक्षानं कुंभारी गाठली.

घरकुलांच्या एका बोळात गर्दी होती. खऱ्या विडी कामगार बाया सुपं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि त्यांच्यात माझी बहीण. विटकं लुगडं, कपाळाला आडवी विभूती, हातात कात्री. तेंदूच्या पानावरून तिची बोटं इतकी सफाईनं फिरत होती की मला ती आधी सापडलीच नाही. कोपऱ्यात एक मोठा स्पीकर होता. दिग्दर्शकानं खूण केली, स्पीकरमधून अंगाई सुरू झाली, आणि माझ्या बहिणीचे ओठ तिच्यावर हलायला लागले.

आवाज तिचा नव्हता. कुणातरी तरुण मुलीचा होता, गोड, वरच्या पट्टीतला. ज्या बाईच्या आवाजावर हजारो माणसं डोलली तिच्या तोंडी दुसरीचा आवाज घातला होता, आणि ती तो निमूट घेत होती. शाळेतल्या मागच्या रांगेतली परकरी पोर मला दिसली.

शॉट संपताच मी मॅनेजरला गाठलं. त्यानं पाण्याची बाटली पुढं केली, ती मी घेतली नाही. विचारलं, "हा आवाज कुणाचा? आणि हिचा कुठं ठेवलाय तुम्ही?"

तो म्हणाला, "ताई, मी त्यांना शब्द दिलाय. तुम्ही त्यांनाच विचारा."

तिच्या गाडीत एसी चालू होता आणि ती लुगडं सावरत बसली होती. मला बघून तिला आश्चर्य वाटलं नाही. माझ्या हातातला डबा घेतला, उघडला, भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला. मी म्हणाले, आता सांग.

"आवाज गेलाय की, अक्का," ती म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. एका कार्यक्रमात वरचा सा लावताना आवाज मधेच फाटला होता. साथीदारांनी वाद्यं वाढवून सावरून घेतलं, लोकांना कळलं नाही. डॉक्टरांनी स्वरतंतूवर गाठ असल्याचं सांगितलं. आधी बरेच महिने गाणं पूर्ण बंद, मग लहानसं ऑपरेशन. त्याच दिवसांत तो आत्याचा सिनेमा चालून आला. बोलायचं थोडं आणि बघायचं जास्त अशी भूमिका होती, म्हणून घेतली. मॅनेजर तिच्याबरोबर दवाखान्यात गेला होता, तिनं मोठ्यानं बोलू नये म्हणून तोच डोळ्यांनी टोकायचा. मी ज्याला पहारेकरी समजत होते, तो तिच्या गळ्याची काळजी घेत होता.

मला का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. माझा आवाज नको तेवढा चढला होता.

"तू पेटी काढली असतीस," ती म्हणाली. "सूर धरून बसली असतीस, आणि मला लावायला लावला असतास. नाही लागला तर रडली असतीस. मग मी तुला सांभाळू का गळा सांभाळू?"

मी अगदी तसंच केलं असतं. घरी येताना रिक्षात मात्र पुन्हा मनात किडा वळवळायला लागला. ऑपरेशन होऊन वर्ष उलटलं होतं. तिचं बोलणं स्वच्छ होतं. मग अंगाई तरी तिनं का म्हटली नव्हती?

उत्तर मिळालं ते उन्हाळ्यात. शूटिंग संपवून ती आठवडाभर घरी राहायला आली होती. मला शाळेला सुट्टी. दुपारी मी गच्चीवर सांडगे घालत होते आणि खाली मोरीत ती धुणं धूत होती. नळाच्या आवाजात आधी नुसतं गुणगुणणं ऐकू आलं. मग तिचा सूर हळूहळू वर चढला, मठातल्या एका वचनाच्या चालीवर, आणि वरच्या सा वर जाऊन थांबला. फाटला नाही. हलला नाही. पूर्वीपेक्षा थोडा बारीक होता, पण होता. मी पिठाच्या हातांनी जिना उतरले.

दारात मला बघून ती गप्प झाली. मी म्हणाले, म्हणजे गाडीत खोटं बोललीस.

"तेव्हा नव्हता. नंतर आला," ती म्हणाली. मग पिळा बादलीत टाकून माझ्याकडं वळली. "कुंभारीत थोडा आला होता. अंगाई निभावली असती कशीबशी. पण नको वाटलं."

का, असं मी विचारलं.

"गाताना लोक माझ्यापुढं डोळे मिटून बसायचे, अक्का. मला बरं वाटायचं, नाही असं नाही. पण इतकी वर्षं मिटलेल्या डोळ्यांपुढं बसले मी. त्या आत्याच्या वेळी पहिल्यांदा माणसं डोळे उघडे ठेवून बघत होती. मी हात कसा उचलते, मान कशी वळवते ते बघत होती. आवाज आला म्हणून कळलं तर सगळे म्हणतील, चला, परत या. मग मला परत जावं लागेल. म्हणून त्या मुलीला गाऊ दे म्हटलं."

मी तिच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. खरं बोलत होती असं वाटलं. पण गाडीतही मला तसंच वाटलं होतं. हे बाहेर सांगू नकोस म्हणाली, मी हो म्हणाले. अव्वा आतून सगळं ऐकत होती. रात्री जेवताना तिनं फक्त धाकटीच्या ताटात तुपाची एक धार जास्त सोडली.

सिनेमा लागला तेव्हा मी सोलापुरातच, दुपारच्या खेळाला, एकटीनं बघितला. अंगाई लागली. त्या तरुण मुलीचा आवाज चांगला होता, हे मला मान्य करावं लागलं. पण त्याच्यापुढचं दृश्य मी विसरत नाही. विडीच्या कारखान्यात तिचा माल नापास करून फेकतात आणि ती तो वाकून वेचते. बोलत नाही, रडत नाही, एकेक विडी झटकून सुपात ठेवते. माझ्या पुढच्या रांगेत शहरातल्या कुठल्याशा विडी कारखान्यातल्या बाया आल्या होत्या. त्यांतली एक शेजारणीला म्हणाली, "ही नटी न्हाय गं. ही आपल्यातलीच हाय."

"मग आपल्याला कदी दिसली न्हाय ती?" शेजारीण संशयानं म्हणाली.

"दुसऱ्या गल्लीतली आसंल की."

त्यांना सांगावं, माझी बहीण आहे ती, असं फार वाटलं. नाही सांगितलं.

घरी येऊन तिला फोन केला. आता ती स्वतः उचलते. त्या दोघींचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. पलीकडं श्वास अडकल्यासारखा वाटला.

"रडतेस का गं? खरंच?" मी विचारलं.

"तुला काय वाटतं?" ती म्हणाली.

मी फोन कानाला घट्ट दाबून ऐकत राहिले. ते रडणं होतं की अभिनय, मला सांगता आलं नाही.