माल्टा नाही म्हणाली

मागच्या हिवाळ्यात माझ्या नातीच्या शाळेत एक दिवस युरोप भरला होता. स्टुटगार्टमधल्या चढावरची ती शाळा. तिच्या मोठ्या सभागृहाला आउला म्हणतात. तिथे टेबलं गोलात मांडून त्यांवर सत्तावीस देशांच्या पाट्या ठेवल्या होत्या. वर्गात पोरं बावीस, म्हणून पाच जणांपुढे दोन-दोन पाट्या. मी चौथीपर्यंत शिकलेली, आणि पुढे इथल्या इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी इस्त्री करून म्हातारी झाले. परराष्ट्र धोरण म्हणजे काय असतं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा जवळून पाहिलं. लांबून बरं दिसत होतं.

मी काही ते बघायला गेले नव्हते. पालकांनी खाण्याचे पदार्थ आणायचे होते आणि माझ्या लेकीला ऑफिस होतं. म्हणून बटाटेवड्यांचे दोन डबे देऊन तिने मला धाडलं. मागच्या भिंतीला खाण्याची टेबलं होती. मी वडे मांडले, खुर्ची ओढली आणि तीन तास बसले.

खेळ असा होता. बाईंनी मनाने दोन देश रचले होते. एकाने दुसऱ्यावर तोफा डागल्या आणि त्याचं इस्पितळ पाडलं. आता सत्तावीस जणांनी मिळून त्यावर एक निवेदन काढायचं. अट अशी, की सगळ्यांचं हो पाहिजे. एकाने नाही म्हटलं की निवेदन बारगळलं. बाई म्हणाल्या, खऱ्या युरोपातही बाहेरच्या देशांशी बोलायचं तर असंच असतं. ज्या तीन पोरांचं काम उत्तम होईल त्यांना वसंतात ब्रुसेल्सला नेणार होते. माझ्या नातीला तिथे जायचंच होतं. दोन महिने ती दुसरं काही बोलत नव्हती. तिच्या वाट्याला माल्टा आलं. तिने मला ते नकाशावर दाखवलं तेव्हा मी आधी पदराने पुसायला गेले. मला वाटलं, कसला तरी डाग आहे.

पहिला मसुदा बरा होता. अमक्या देशाने इस्पितळावर तोफा डागल्या, त्या ताबडतोब थांबवा, नाहीतर तुमच्याशी व्यापार बंद. मला समजला म्हणजे कुणालाही समजला असता. तोच त्याचा दोष ठरला.

एका मोठ्या देशाच्या पाटीमागे एक उंच पोरगा होता. तो म्हणाला, व्यापार बंद नको, आमचे कारखाने त्यांच्या गॅसवर चालतात. खोडलं. दोन पाट्यांवाली मुलगी म्हणाली, माझ्या एका देशाला ‘ताबडतोब’ चालेल, दुसऱ्याला नाही चालणार. खोडलं. कुणाला ‘थांबवा’ हा हुकूम वाटला, म्हणून ‘थांबतील अशी आशा’ केलं. मग आशाही जास्त झाली. दर खोडणीला पोरं ‘गेनाऊ, गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणून माना डोलवत होती, जणू घर बांधत होती. शेवटी तोफा डागणाऱ्याचं नावही गेलं. उरलं ते एवढं, की इस्पितळाचं नुकसान झाल्याचं समजून आम्हांला तीव्र चिंता वाटते. त्यातल्या ‘तीव्र’वर पाऊण तास गेला. आणि नुकसान ‘झालं’. आपोआप झालं, पावसात भिंत पडावी तसं.

बाई खूश होत्या. याला तडजोड म्हणतात, जग असंच चालतं, असं त्यांनी पोरांना सांगितलं. नगरपालिकेचे एक साहेब आले होते, वर्तमानपत्राची फोटो काढणारी बाई आली होती. हात वर करायचे, फोटो काढायचा, मग खायला यायचं, असं ठरलं होतं.

हात वर झाले. ज्यांच्याकडे दोन देश होते त्यांनी दोन्ही हात वर केले, शरण आल्यासारखे. सव्वीस हात झाले. माल्टाचा हात टेबलावर होता.

“माल्टा?” बाईंनी विचारलं.

“नाही,” नात म्हणाली. “कुणी डागल्या ते यात लिहिलेलंच नाही.”

“ते सगळ्यांना माहीत आहे,” उंच पोरगा म्हणाला.

“मग लिहा.”

“अगं, तू माल्टा आहेस.”

सगळे हसले. साहेबही हसले. बाई मात्र नातीजवळ जाऊन वाकल्या आणि हळू बोलल्या. माझे कान अजून शाबूत आहेत, आणि मी दोन हातांच्या अंतरावर बसले होते. त्या म्हणाल्या, तुला हो म्हणायला कोण सांगतंय? मत घेताना जरा बाहेर जाऊन कॉफी घेऊन ये. खोलीत नसलेल्या माणसाचं ‘नाही’ मोजत नाहीत. मोठमोठे पुढारीसुद्धा असं करतात. तुझं मत तुझ्यापाशी राहील, आमचं निवेदनही निघेल. आणि ब्रुसेल्सची यादी मला याच आठवड्यात करायची आहे.

पोरगी उठली आणि माझ्या टेबलाशी येऊन कॉफी ओतायला लागली. तिला कॉफी आवडत नाही.

ती माझ्याशी जर्मनमध्ये बोलते, मी मराठीत. दोघींचं भागतं.

“आजी, बाहेर चल.”

“कशाला?”

“मी बाहेर असले की होतं.”

“काय होतं?”

“एकमत.”

आम्ही दोघी बाहेर कोटांच्या खुंट्यांपाशी उभ्या राहिलो. तिथे मी तिला एक गोष्ट सांगितली. मिरजेला आमच्या घरात चार भाऊ, मी थोरली सून. धाकटी नणंद माहेरी आली होती. तिला आंघोळीला पाणी देताना मी तिच्या पाठीवरचे वळ पाहिले. तिच्या सासरी खरमरीत पत्र लिहायचं म्हणून चौघे भाऊ आणि मामंजी बसले. एकाला तिच्या दिराने नोकरी लावली होती. एकाला स्वतःच्या मुलीचं त्याच नात्यागोत्यात जमवायचं होतं. एकाला भांडणाचा कंटाळा. माझे यजमान म्हणाले, सगळ्यांचं मत तेच माझं. मी दारातून म्हटलं, वळ मी पाहिलेत, ते पत्रात लिहा. मामंजी म्हणाले, “सूनबाई, जरा चहा टाका.”

पाच कप घेऊन मी आले तोवर पत्र पाकिटात गेलं होतं. मुलगी जरा हळवी आहे, सांभाळून घ्यावे, आम्हांस काळजी वाटते. दोन दिवसांनी त्यांनी तिला एसटीत बसवली. तिच्या सासऱ्याने ते पत्र तिच्यासमोर मोठ्याने वाचलं आणि हसला. घाबरण्यासारखं त्यात होतं काय?

“मग तू काय केलंस, आजी?”

“सांगितलं ना, चहा केला.”

“आणि नंतर?”

“नंतर कप विसळले.”

ती खुंटीवरच्या कुणाच्या तरी मफलरशी चाळा करत राहिली. आतून कुणीतरी हाक मारली, आता मत घेतो म्हणून.

“ब्रुसेल्स जाईल,” ती म्हणाली.

“जाईल.”

“तू सांग ना, काय करू?”

“मी कुठल्या देशाची? तुझ्यापुढे पाटी आहे. आणि लवकर ठरव, वडे गार होताहेत.”

तिने कॉफी खिडकीत ठेवली आणि आत गेली. मी मागून गेले तेव्हा ती जागेवर बसलेली होती. बाईंनी पुन्हा विचारलं. माल्टा नाही म्हणाली. निवेदन बारगळलं.

आभाळ कोसळलं नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं. फोटोवालीने फोटो काढला, तो खाण्याच्या टेबलाचा. पोरं मात्र नातीवर चिडली. तीन तास वाया घालवलेस, म्हणाली. कसले तीन तास वाया गेले? सत्तावीस देशांनी मिळून चार ओळींची एक ओळ केली होती आणि तिच्यात कुणाला काही विचारलं नव्हतं. उंच पोरगा रागावूनच वड्यांकडे आला. पाच खाल्ले, आणि तिखट आहेत म्हणून मला सांगून गेला.

यादीत नातीचं नाव नव्हतं. बाईंनी तिच्या कामाखाली शेरा दिला होता, सहकार्याची तयारी कमी.

लेक माझ्यावर उखडली. “आई, तुला वडे मांडायला पाठवलं होतं ना?”

“मांडले की.”

“तू तिला काय सांगितलंस?”

“जे तुला कधी सांगितलं नाही ते.”

मग लेक आणि जावई लॅपटॉपपाशी बसून बाईंना मेल लिहायला लागले. आमच्या मुलीचा उद्देश तसा नव्हता, झाल्या प्रकाराचं तिला वाईट वाटतं, यादीचा पुन्हा विचार व्हावा. दोघांनी अर्धा तास शब्द बदलले. जावयाने ‘फार वाईट’चं ‘वाईट’ केलं, लेकीने पुन्हा ‘फार’ घातलं. शेवटी त्यांनी ते नातीला वाचायला दिलं, कारण खाली तिचं नाव होतं.

तिने वाचलं. “मला वाईट वाटत नाही,” म्हणाली, “मला जायचं होतं, एवढंच.” आणि मजकूर पुसून टाकला. मग खोलीत जाऊन रडली. मी तिला गप्प करायला गेले नाही. हवं ते हातचं गेलं की माणूस रडणारच.

वसंतात तिघं ब्रुसेल्सला गेली. तिथल्या झेंड्यांसमोर काढलेला फोटो त्यांनी सगळ्या वर्गाला पाठवला. नातीने तो मला दाखवला. उंच पोरगा मधोमध होता.

“ऊन चांगलं पडलंय तिकडे,” ती म्हणाली, आणि फोन टेबलावर पालथा घातला.