फाइलमध्ये नसलेलं दुखणं

डावा स्तन काढला, त्याला आता तीन वर्षं होतील. त्या ऑपरेशनबद्दल मी कुणाशीही बोलू शकते. थळच्या आमच्या आळीत सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. मी मुंबईला कधी जाते, केमो कितवा झाला, केस कधी गेले, परत कधी आले. बाया बघायला यायच्या, येताना कुणी कोलंबी सोलून आणायची, कुणी शहाळं. मी प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गातल्या मुलींनी तर माझ्या डोक्याला बांधायला रुमाल आणले होते. त्यानंतर जे सुरू झालं, ते मात्र मी आठ महिने कुणालाही सांगितलं नाही.

केमो संपल्यावर रोज एक गोळी सुरू झाली. शरीरातलं बायकांचं हार्मोन अगदी कमी करणारी. पाळी केमोतच थांबली होती. गोळीला दोन महिने झाले असतील, तेव्हा खाली कोरडं पडल्यासारखं वाटायला लागलं. मग लघवीला आग. मग खाज, आणि नंतर अंगावरून पातळ, करड्या रंगाचं जायला लागलं. त्याला मासळीचा वास होता. लग्न होऊन म्हसळ्याहून या कोळ्यांच्या घरात आले, त्याला वीस वर्षं झाली. मासळीच्या वासाची मला कधी लाज वाटली नव्हती. ती तेव्हा वाटली.

मी धूत सुटले. आधी साध्या साबणानं, मग जंतुनाशक औषध घातलेल्या पाण्यानं, मग तुरटीच्या. दिवसातून चार-चार वेळा. जितकी धुवायची तितकी आग वाढायची. स्कूटरवर बसवेना म्हणून रिक्षानं शाळेत जाऊ लागले. वर्गात खुर्चीवर बसायचं टाळून फळ्यापाशी उभी राहायचे. मुंबईला तपासणीला गेले की डॉक्टर छाती बघायचे, हाडांचं विचारायचे, "बाकी काही त्रास?" म्हणायचे. मी म्हणायचे, "नाही." समोरचे डॉक्टर माझ्या भाच्याच्या वयाचे होते. त्यांना काय सांगणार?

नवऱ्यालाही सांगितलं नाही. तो आणि त्याचा भाऊ मिळून बोट चालवतात. मी त्याच्याजवळ जायचं टाळत होते आणि तोही हळूहळू ओटीवर झोपायला लागला. मी धरून चालले की माझी छाती त्याला बघवत नसणार.

माझ्या मोठ्या जावेच्या ते लक्षात आलं. ती अलिबागच्या बाजारात मासळी विकते. सकाळी पाटी घेऊन जाते, दुपारी येते. एका रविवारी आम्ही दोघी अंगणात सुकट निवडायला बसलो होतो. मी सारखी उठत होते. कधी पाणी आणायला, कधी उगीच.

"बाय, तू बसत का न्हाईस?" तिनं विचारलं.

"पाय अवघडतात."

"पाय न्हाय तुझं अवघडत. खरा सांग. खाली काय झालाय?"

मी सुकटीकडे बघत सगळं सांगितलं. वासाचंही. तिनं सुकट बाजूला सारली. मग म्हणाली, "आठ म्हैनं? आणि मी बाजूच्या घरात हाय!" तिचे डोळे भरले होते, आणि ती माझ्यावर चिडलीही होती. "उद्या चल. बाजारात एक डॉक्टरीण माझ्याकडून पापलेट नेते. बाईमाणूस हाय, बायकांचीच डॉक्टर हाय. तिला दाखवू."

डॉक्टरीणबाईंनी आधी फाइल वाचली, मग तपासलं. तपासताना दुखलं तेव्हा थांबल्या. हात धुऊन समोर बसल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "धुता कशानं?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"हे सगळं आजपासून बंद. बाहेरून साधं पाणी, बस. हे बघा बाई, योनीत जंतू असतातच आणि ते असावेच लागतात. दही लावणाऱ्या जंतूंच्या जातीतलेच असतात. ते आत थोडा आंबटपणा ठेवतात, त्यामुळे वाईट जंतूंना तिथं वाढता येत नाही. या चांगल्या जंतूंना जगवतं ते तुमचं हार्मोन. गोळीनं ते कमी केलंय. कॅन्सरसाठी ते गरजेचंच आहे. पण त्यामुळे आतलं अस्तर पातळ झालं, चांगले जंतू कमी झाले, दुसऱ्यांनी जागा घेतली. वास त्यांचा आहे. उरलेसुरले चांगले जंतू तुम्ही औषधाच्या पाण्यानं मारलेत."

"म्हणजे ही घाण न्हाय?" जावेनं विचारलं.

"अजिबात नाही. या जास्त स्वच्छ राहिल्या, एवढाच दोष."

"मंग आत दही लावायचा काय?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "दही खायला द्या त्यांना. लावायचं काहीही नाही."

मीही हसले. त्या खोलीत हसायला येईल असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी जंतुसंसर्गाच्या गोळ्या दिल्या आणि कोरडेपणासाठी हार्मोन नसलेलं जेल दिलं. हार्मोनचं मलमही असतं, म्हणाल्या, पण तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी ते देणार नाही. "त्यांना सांगितलंत का हे?"

"खालचं त्यांनी कधी विचारलं नाही."

"मग तुम्ही सांगा. मुख्य गोळी मात्र मनानं बंद करू नका." मी तो विचार मनात आणला होता, हे त्यांना कसं कळलं कोण जाणे.

आठवड्यात वास गेला. आग कमी व्हायला महिना-दीड महिना लागला. पुढच्या वेळी मुंबईला गेले तेव्हा "बाकी काही त्रास?" या प्रश्नावर मी "आहे," म्हणाले आणि सगळं सांगितलं. त्या तरुण डॉक्टरांनी पेन खाली ठेवून ऐकलं आणि मला आतल्या एका बाईंकडे पाठवलं. या बाई स्तनाचा कॅन्सर झालेल्या बायकांच्या योनीतल्या जंतूंचाच अभ्यास करत होत्या. कापसाच्या काडीवर नमुना द्याल का, म्हणाल्या. फॉर्म मराठीत होता. मी शिक्षिकेच्या सवयीनं दोनदा वाचला आणि सही केली.

"हे जंतू बदलतात ते आजारानं, केमोनं की गोळीनं?" मी विचारलं.

"अजून नक्की सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणूनच नमुने घेतोय." मला ते प्रामाणिक उत्तर आवडलं.

नवऱ्याशी बोलायला मला आणखी पंधरा दिवस लागले. तो किनाऱ्यावर जाळं दुरुस्त करत बसला होता. मी शेजारी बसले, मला बसता येत होतं, आणि सांगून टाकलं. तो जाळ्याच्या दोऱ्याशी चाळा करत राहिला.

"मला वाटलं, मी जवळ आलो की तुला ऑपरेशन आठवतं," तो म्हणाला. "तुला त्रास नको, म्हणून ओटीवर गेलो."

"आणि मला वाटलं, तुम्हाला माझ्याकडे बघवत नाही."

"वेडी हाय का तू?" तो एवढंच म्हणाला. त्या आठवड्यात त्याची गादी आत आली. सगळं पहिल्यासारखं झालं असं मी म्हणणार नाही. कोरडेपणा आहे, जेल लागतं, काही दिवस नकोच वाटतं. पण आता नको वाटलं तर मी तसं सांगते, आणि तो ऐकतो.

गेल्या खेपेला मुंबईच्या रांगेत काशीदची एक बाई माझ्या शेजारी होती. पस्तिशीची असेल. डोक्याला स्कार्फ, आणि बाकाच्या कडेला अर्धवट टेकलेली. मी तिच्याकडे थोडा वेळ बघितलं, मग सरकून जवळ बसले आणि हळूच विचारलं, "बसायला त्रास होतो का गं?"

तिनं आधी आजूबाजूला पाहिलं. मग माझा हात धरला आणि बोलायला लागली. तिचा नंबर पुकारला तेव्हा म्हणाली, "ताई, तुम्ही आत याल का माझ्याबरोबर?"

मी तिची फाइल उचलली आणि उठले.